घरातला पहिला मतदार: अमेरिकेत अठराव्या वर्षी नावनोंदणी कशी करावी

अमेरिकेतल्या कित्येक मराठी घरांत आईवडील वर्षानुवर्षे एच-१बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर राहतात आणि तिथेच जन्मलेले मूल अठरा वर्षांचे झाले की तेच घरातले पहिले मतदार ठरते. हा हक्क तिथल्या तरुणांनी झगडून मिळवलेला आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अठराव्या वर्षी सक्तीच्या सैन्यभरतीस पात्र ठरणाऱ्या मुलाला बहुतेक राज्यांत मतदानासाठी मात्र एकविसाव्या वर्षापर्यंत थांबावे लागे. १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीने हा अन्याय दूर झाला. (भारतात हे वय १९८९ मध्ये अठरावर आले.)

नोंदणीसाठी अठरा पूर्ण होण्याची वाट पाहू नये. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क अशा काही राज्यांत सोळाव्या वर्षीच पूर्वनोंदणी करता येते. वाहन परवान्याच्या अर्जाबरोबरच मतदार नोंदणीचाही प्रश्न विचारला जातो, तेव्हा मुलाने तिथेच हे काम उरकावे. आईवडिलांनी मात्र स्वतःच्या परवान्याच्या वेळी या प्रश्नाला स्पष्ट नकार द्यावा, कारण नागरिक नसताना नागरिक असल्याचे लिहून दिल्यास देश सोडण्याची वेळ येऊ शकते.

कॉलेजसाठी दुसऱ्या गावी गेलेल्या मुलाला घरचा किंवा वसतिगृहाचा, यांपैकी एकच पत्ता निवडावा लागतो. माझ्या मते, जिथे चार वर्षे काढायची तिथला पत्ता द्यावा, म्हणजे त्या गावाच्या कारभाराशी त्याचे नाते जुळते. अंतिम तारीख राज्यागणिक बदलते. मतदानाच्या तीस दिवस आधी अर्ज गेला की चिंता नाही.

मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षाखेरीज शाळा मंडळ, न्यायाधीश, स्थानिक कराचे प्रस्ताव अशी लांबलचक यादी असू शकते. नमुना मतपत्रिका जेवणाच्या टेबलावर पसरून मुलाला एकेक प्रस्ताव मोठ्याने वाचायला लावावा, प्रश्न विचारावेत, आपले मतही सांगावे. पण निर्णय त्याच्यावर सोडावा. स्वतःचे मत स्वतः बनवायला तिथली शाळा त्याला लहानपणापासून शिकवत आली आहे, आणि त्याचा मान घरानेही राखला पाहिजे.

टपालाने मत पाठवायचे असल्यास लिफाफ्यावरील सही पुष्कळ राज्यांत नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात. सारे काही टंकून लिहिणाऱ्या या मुलांची सही अजून बसलेली नसते, म्हणून परवान्यावरची सही समोर ठेवून कोऱ्या कागदावर ती चार वेळा गिरवावी आणि मगच लिफाफ्यावर करावी.