पायाच्या अंगठ्याचं नख रुतलं तर

मधुमेह असेल, पाय बधिर असतील किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर घरी काही करत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा. अशा पायाला जखम चिघळलेली कळतही नाही.

बाकीच्यांनी, नुसतं दुखत असेल, कड लाल असेल पण पू नसेल, तर घरी प्रयत्न करायला हरकत नाही. टबात कोमट पाणी घ्या आणि 15 मिनिटं पाय बुडवा, दिवसातून 3 वेळा. मीठ घातलं तरी चालेल, पण नख आणि कातडी मऊ करण्याचं खरं काम पाण्याचं. मग बोटांच्या बेचक्यांसकट पाय कोरडा करा. पावसाळ्यात ओले मोजे घालून फिरलात तर सगळं मुसळ केरात.

नख मऊ असतानाच स्वच्छ हातांनी कापसाची बारीक वात वळा, तांदळाच्या दाण्याएवढी. कातडी हलकेच बाजूला ओढून ती नखाच्या कोपऱ्याखाली सरकवा. कळ आली तर थांबा, जोर लावू नका. वात रोज बदला. पायाचं नख महिन्याला साधारण 1.5 मिलिमीटर वाढतं, त्यामुळे कोपरा मांसाबाहेर यायला काही आठवडे लागतात. तोवर पुढून उघडी चप्पल वापरा.

कोपरा कोरून काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. दोन दिवस बरं वाटतं, पण आत उरलेलं टोक कुसळासारखं आणखी खोल घुसतं. नखाच्या मधोमध खाच पाडल्यानंही काही होत नाही, नख वाढतं ते मुळाकडून. हळद-चुन्याचा लेप तर नकोच, चुन्यानं उघडी कातडी भाजते.

चार-पाच दिवसांत उतार नाही, पू आला, ठणक्यानं झोप लागत नाही किंवा कडेला लाल, ओलसर मांस वाढून धक्का लागताच रक्त येतंय, तर डॉक्टरांना दाखवा. ताप असेल किंवा लाली पावलावर पसरत असेल तर त्याच दिवशी. नुसत्या अँटिबायोटिकवर भागत नाही, कारण टोक आतच असतं. सर्जन अंगठ्याच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन देऊन रुतलेल्या बाजूची नखाची पट्टी काढतात. वारंवार रुतत असेल तर तेवढ्या मुळाला फिनॉल हे रसायन लावतात, म्हणजे ती पट्टी सहसा पुन्हा उगवत नाही.

पुढे नख आंघोळीनंतर कापा, सरळ रेषेत. दोन्ही कोपरे कातडीवर मोकळे दिसले पाहिजेत.