मुलं थांबून बघतील असा फलक

बालवर्गाचा फलक लावताना मी आधी गुडघ्यांवर बसते. चार-पाच वर्षांच्या मुलाची नजर जमिनीपासून साधारण ९० ते १०० सेंटीमीटरवर असते, त्यामुळे महत्त्वाचं सगळं त्याच पट्ट्यात लावायचं. वरची जागा फार तर शीर्षकाला.

पार्श्वभूमीला एकच फिका रंग पुरे. तयार कार्टून, चमकी, झालरी यांचा मोह मी टाळते. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या २०१४ च्या अभ्यासात भिंती खूप सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त भरकटलं आणि शिकवलेलंही कमी लक्षात राहिलं. म्हणून निम्मा फलक खुशाल रिकामा ठेवा.

मुलांचीच चित्रं लावा, आणि सगळ्यांची, फक्त 'छान' आलेली नव्हेत. चित्र काढून झालं की विचारा, "इथे काय चाललंय?" मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत चित्राखाली ठळक लिहा. "पाऊस आला आणि माझी चप्पल पोहायला गेली." हे वाक्य मी दुरुस्त केलं असतं तर त्यातला जीवच गेला असता. आपलं बोलणं कागदावर उतरतं आणि पुन्हा तसंच वाचता येतं, हे मुलाला इथे कळतं. वाचनाची सुरुवात मला तरी इथूनच होताना दिसते.

एखादा कोपरा हाताळण्यासाठी ठेवा: उघडझाप होणाऱ्या कागदी खिडक्या, किंवा आजचं हवामान दाखवायला वेल्क्रोची चित्रं. टाचण्या मात्र नकोत, चिकटपट्टी वापरा. दोन-तीन आठवड्यांनी फलक बदला, आणि उतरवलेलं चित्र ज्याचं त्याला घरी द्या.