टीजीएफ-बीटा१ ‘चालत नाही’ म्हणण्याआधी या चुका टाळा

टीजीएफ-बीटा१, म्हणजे पेशींना संदेश देऊन त्यांचं वागणं बदलणारं प्रोटीन, वापरून ‘मॅडम, लॉट (कंपनीची खेप) खराब आलाय’ असं कुणी म्हणालं की मी आधी एवढंच विचारते: कशात विरघळवलंस? बहुतेक वेळा उत्तर येतं, पीबीएसमध्ये, म्हणजे उदासीन पीएचच्या फॉस्फेट-मिठाच्या द्रावणात. का, तर बाकीची सगळी प्रोटीन्स आपण पीबीएसमध्येच विरघळवतो म्हणून.

टीजीएफ-बीटा१ बाकीच्यांसारखं नाही. ११२ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या डायसल्फाइड बंधाने जोडलेल्या, मिळून साधारण २५ किलोडाल्टन. उदासीन पीएचला ते नीट विरघळत नाही आणि प्लास्टिक असो की काच, जे सापडेल त्याला चिकटतं. म्हणूनच बहुतेक डेटाशीटवर ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि त्यात मिलीला १ मिलिग्रॅम बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) असं लिहिलेलं असतं. आम्ल ते विरघळवतं आणि बीएसए ट्यूबच्या भिंतीवरची जागा आधीच अडवून ठेवतं. पण प्रोटोकॉल सिनियरच्या वहीतून उतरवायचा आणि डेटाशीट खोक्यासकट कचऱ्यात टाकायची, ही आपल्याकडची रीत!

आमच्याच मजल्यावर एका पीएचडीच्या मुलाने परदेशातून मागवलेली १० मायक्रोग्रॅमची व्हायल (छोटी कुपी) पीबीएसमध्ये विरघळवली, बीएसए न घालता, आणि ट्यूब चार डिग्रीला ठेवून दिली. मग ए५४९ (माणसाच्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या) पेशींना मिलीला ५ नॅनोग्रॅम दिलं. तीन दिवसांनी पेशी होत्या तशाच, फरसबंदीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या. ना लांबट झाल्या, ना पेशींना एकमेकींशी जोडणारं ई-कॅडहेरिन प्रोटीन उतरलं. पठ्ठ्याने डोस दुप्पट केला, मग चौपट. तरी काही नाही. कंपनीला खरमरीत मेल लिहून तयार होता, तेवढ्यात त्याच्या गाइडनी त्याला माझ्याकडे धाडलं.

नवी व्हायल आम्ल-बीएसएमध्ये विरघळवून घेतली, पेशी रात्रभर सीरमशिवाय ठेवल्या. जुना स्टॉक आणि नवा स्टॉक शेजारी-शेजारी, डोस तोच, वेळ एक तास, आणि ब्लॉट (प्रोटीन बँडच्या रूपात दाखवणारी चाचणी) फॉस्फो-स्मॅड२चा, म्हणजे टीजीएफ-बीटाचा संदेश पोचला की पेशीत ज्याला फॉस्फेट जोडला जातो त्या स्मॅड२ प्रोटीनचा. नव्याच्या लेनमध्ये ६० किलोडाल्टनच्या आसपास ठसठशीत बँड, जुन्याच्या लेनमध्ये कंट्रोलइतकाच. आठवडाभर तो पेशींना जवळजवळ नुसतं पीबीएस पाजत होता. स्मॅड२ तासाभरात सांगतं ते कळायला तीन-तीन दिवस आकार बदलण्याची वाट कशाला पाहायची?

माझी सवय सांगते. १ मोलर आम्लाचे ४० मायक्रोलिटर पाण्यात घालून १० मिली करते, त्यात १० मिलिग्रॅम बीएसए, आणि मग ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळते. हे गाळणं प्रोटीन घालण्याआधी. नंतर गाळलंत तर महागडं प्रोटीन फिल्टरच्या पडद्यावर राहील. १० मायक्रोग्रॅमच्या व्हायलमध्ये यातलं ५०० मायक्रोलिटर घातलं की मायक्रोलिटरला २० नॅनोग्रॅमचा स्टॉक मिळतो. लो-बाइंडिंग ट्यूबमध्ये छोटे अ‍ॅलिकॉट (एकेका वापरापुरते वाटे) करायचे आणि उणे ८०ला. एकदा वितळवलेला अ‍ॅलिकॉट मी परत गोठवत नाही. कंजूषपणा करायचा तर टिशू पेपरवर करा.

व्हायल उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर स्पिन करा. १० मायक्रोग्रॅम डोळ्यांना दिसत नाही. व्हायल रिकामी आली म्हणून तक्रार करणारेही मी पाहिलेत.

व्हॉर्टेक्स (ट्यूब जोरात घुसळणारं यंत्र) नको.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजरही नको. बर्फ साचू नये म्हणून तो मधूनमधून गरम होतो, आणि तुमचा स्टॉक प्रत्येक वेळी थोडा थोडा वितळतो.

०.५ मायक्रोलिटर पिपेट करणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. सहा-वेल प्लेटच्या २ मिलीत मिलीला ५ नॅनोग्रॅमचा डोस द्यायचा तर तेवढंच लागतं, खरंय. पण ५ मायक्रोलिटर स्टॉक २० मिली मीडियात मिसळून तो मीडिया वेल्समध्ये वाटता येतो, आणि सगळ्या वेल्सना सारखा डोस जातो. कंट्रोलच्या २० मिलीत ५ मायक्रोलिटर आम्ल-बीएसए घालायचं. कंट्रोलला साधा मीडिया देऊन मोकळं होणारे बरेच भेटतात. मग दिसलेला फरक प्रोटीनचा की बफरचा, हे रिव्ह्यूअरने विचारलं की तोंडं पाहत बसतात.

आता सीरम. पेशींच्या मीडियात घालतात त्या १० टक्के एफबीएसमध्ये (गाईच्या गर्भाच्या रक्तातलं सीरम) टीजीएफ-बीटा आधीच असतं, बरंचसं सुप्त रूपात. त्यातच तुमचा डोस ओतलात तर कंट्रोलशी फरक कसा दिसणार? शिवाय गाईचं आणि माणसाचं परिपक्व टीजीएफ-बीटा१ अनुक्रमाने तंतोतंत सारखं आहे. तुमच्या पेशी किती टीजीएफ-बीटा सोडतात हे एफबीएसवाल्या मीडियात एलायझाने (अँटिबॉडी वापरून प्रोटीन मोजण्याच्या चाचणीने) मोजायला गेलात तर गाईचंही मोजलं जाणार. मोजायचंच असेल तर पेशी सीरमशिवाय ठेवा, आणि सुप्त रूपही धरायचं असेल तर नमुना आधी आम्लाने सक्रिय करून मग उदासीन करा. ही पायरी गाळून ‘आमच्या पेशी टीजीएफ-बीटा सोडतच नाहीत’ असा निष्कर्ष काढलेलं पोस्टर मी पाहिलंय.

एवढं सगळं करूनही बँड आला नाही, तर लॉटवर संशय घ्यायला हरकत नाही. कंपनीला मेल करताना लॉट नंबर, विरघळवण्याचा बफर, साठवणुकीचं तापमान आणि तो फॉस्फो-स्मॅड२चा ब्लॉट जोडा, म्हणजे बदली व्हायलबद्दल पुढचं बोलणं होईल.