इंग्रजीतील जवळच्या अर्थाची क्रियापदे कशी निवडावीत

देवबाग-तारकर्लीपासून हर्णै-मुरुडपर्यंत होमस्टे चालवणाऱ्या, होडी नेणाऱ्या किंवा खानावळ सांभाळणाऱ्या मंडळींना पाहुण्यांशी इंग्रजीत बोलण्याची वेळ वारंवार येते. शब्द ठाऊक असतात. मात्र ‘सी’ म्हणावे की ‘वॉच’, ‘लेंड’ की ‘बॉरो’, येथे बोलणे अडते. अशा वेळी पुढील क्रमाने विचार करावा.

मनातल्या अर्थासाठी मराठीत एकच क्रियापद आहे की दोन, हे सर्वप्रथम पाहावे. मराठीत दोन असतील, तर बहुतेक वेळा मराठीवर निर्धास्त विसंबावे. ‘आणणे’ आणि ‘नेणे’ यांतील भेद आपण कधी चुकत नाही. ‘ब्रिंग’ आणि ‘टेक’ यांतही तोच भेद आहे. पाहुण्याच्या खोलीत चहा आणायचा असेल, तर ‘आय विल ब्रिंग युअर टी’ म्हणावे आणि त्याला किल्ल्यावर न्यायचे असेल, तर ‘आय विल टेक यू टू द फोर्ट’ म्हणावे. उसने घेणारा ‘बॉरो’ करतो, देणारा ‘लेंड’ करतो. म्हणून पावसात छत्री मागताना ‘कॅन आय बॉरो युअर अंब्रेला’ किंवा ‘कॅन यू लेंड मी युअर अंब्रेला’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. निरोप घेतानाचे ‘येतो हं’ तेवढे अपवाद समजावे. जाताना ‘आय ॲम कमिंग’ म्हटले, तर पाहुणा तुमची वाट पाहत बसेल. तेथे ‘आय ॲम लीव्हिंग नाऊ’ असे सरळ सांगावे.

खरी अडचण आहे ती मराठीतल्या एका क्रियापदाची इंग्रजीत दोन-तीन होतात तेथे. ‘पाहणे’ हे त्याचे ठळक उदाहरण. डॉल्फिन पाहायला निघालेल्या होडीत तिन्ही क्रियापदे पाठोपाठ लागतात. पाण्यावर अचानक पाठ चमकली आणि नजरेस पडली, यात आपला प्रयत्न नाही, म्हणून ‘आय सॉ अ डॉल्फिन’. शेजाऱ्याला तिकडे नजर वळवायला सांगायचे, म्हणून ‘लुक ॲट दॅट डॉल्फिन’. यातला ‘ॲट’ गाळता येत नाही. त्यानंतर सगळे जण हलत्या प्राण्यांकडे बराच वेळ लक्ष देऊन पाहत राहिले, म्हणून ‘वी वॉच्ड द डॉल्फिन्स’. म्हणजे विचारायचे ते असे: आपोआप दिसले, नजर वळवली, की काही घडताना पाहत राहिलो? मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग दिसतो, तेव्हा ‘यू कॅन सी द फोर्ट फ्रॉम हिअर’ हेच योग्य. किल्ला काही हालचाल करत नाही, म्हणून ‘वॉच’ येथे शोभत नाही. ‘हिअर’ आणि ‘लिसन टू’ यांनाही हाच प्रश्न लावावा: लाटांचा आवाज आपसूक कानी पडतो, गाणे आपण लक्ष देऊन ऐकतो.

‘राहणे’ या क्रियापदाकडे मात्र आपल्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. आपण सहज ‘आय स्टे इन मालवण’ म्हणतो, आणि भारतीय पाहुण्याला त्यात काही खटकत नाही. परंतु परदेशी माणूस त्यावरून तुम्ही तेथे थोड्या दिवसांपुरते उतरला आहात असे समजू शकतो. कायमचे घर असेल तेथे ‘लिव्ह’, मुक्काम असेल तेथे ‘स्टे’.

‘करणे’ याचा नियम अर्धाच चालतो. काही नवे तयार होत असेल, जसे चहा किंवा मोदक, तर ‘मेक’; नुसते काम उरकायचे असेल, जसे भांडी किंवा कपडे धुणे, तर ‘डू’. ‘मेक अ मिस्टेक’, ‘डू मी अ फेव्हर’ असे जोडशब्द पाठच करावेत.

यानंतर क्रियापदापुढे काय येते ते तपासावे, कारण अर्थ बरोबर असूनही वाक्य पुष्कळदा येथेच बिघडते. ‘टेल’पुढे व्यक्ती थेट येते: ‘ही टोल्ड मी’. ‘से’पुढे ती थेट येत नाही: ‘ही सेड टू मी’ किंवा नुसते ‘ही सेड’. आपल्या ‘मला’मुळे ‘टोल्ड टू मी’ तोंडात येते, ते टाळावे. ‘रीच’पुढेही ‘टू’ लावू नये. ‘वी रीच्ड मालवण’ पुरे.

शेवटी अकर्मक-सकर्मक जोड्या. भरतीचे पाणी चढते, ते ‘राइज’. माणसे शीड चढवतात, ते ‘रेझ’. ‘लाय’ आणि ‘ले’ यांची जोडी सर्वांत त्रासदायक आहे. होडी पुळणीवर पडून आहे, म्हणून ‘द बोट इज लाइंग ऑन द बीच’. कोळ्याने जाळे वाळूवर पसरून ठेवले, म्हणून ‘ही लेड द नेट ऑन द सँड’. गोंधळाचे मूळ असे की ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’ असाच होतो, त्यामुळे होडी काल तेथे पडून होती हे सांगताना ‘द बोट ले ऑन द बीच’ म्हणावे लागते. घाईत हे आठवले नाही, तर ‘द बोट वॉज ऑन द बीच’ आणि ‘ही पुट द नेट ऑन द सँड’ म्हणून मोकळे व्हावे. दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत.