मैफल आणि मैदान: फोटोवर पोट भरायचं असेल तर

नवी पोरं आली की पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा असतो. मी उलट विचारतो, तीनतालाची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कळते का? आणि कबड्डीत चढाईला गेलेला गडी परत कधी वळणार, हे आधी ओळखता येतं का? दोन्हीला ‘नाही’ असेल तर कॅमेरा सध्या उसना घ्या आणि आधी भरपूर ऐका, बघा.

विलंबित ख्यालात गायकानं मुखडा, म्हणजे समेवर नेणारी बंदिशीची ओळ, धरला की हात उचलला जातो, तबलजी मान वर करतो, पुढच्या रांगेतले जाणते सरसावून बसतात. फोटो तिथं आहे. समेवर बोट दाबलंत तर उशीर झाला. किंचित आधी दाबावं लागतं. कबड्डीतही तेच. चढाई ३० सेकंदांची. बोनस रेषेवरचा पाय कुणालाही मिळतो. मला हवा असतो तो क्षण म्हणजे गडी मध्यरेषेकडं झेपावलाय आणि मागून घोट्याला पकड पडलीय. त्यासाठी मी चढाई करणाऱ्या संघाच्या अंगणामागच्या कोपऱ्यात बसतो, म्हणजे परतताना त्याचं तोंड माझ्याकडं असतं.

सुरुवात जिथं पासची भानगड नाही तिथं करा. आम्हा मिरजकरांचं नशीब असं की उरुसात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात संगीत सभा भरते आणि आसपासच्या गावांत यात्रेची कुस्ती मैदानं होतात. कमिटीच्या माणसांना आधी भेटा, कुठं बसू ते विचारा. मैदानात उन्हं कलल्यावर सूर्य पैलवानांच्या मागं येईल अशी जागा धरा. उडालेली माती अशी उजळते की दुसऱ्या लाइटची गरज नाही. तिथं लेन्स मात्र बदलू नका. आखाड्याच्या तांबड्या मातीत तेल, हळद, ताक असतं. ती आत गेली की सेन्सर साफ करायचा खर्च बिदागीपेक्षा जास्त.

आकडे थोडक्यात. ७०-२०० मिलिमीटरची एफ २.८ लेन्स (लांबचं जवळ आणणारी, कमी उजेडात चालणारी) दोन्हीकडं चालते. नवी परवडत नसेल तर जुनी घ्या. मैफलीत शटर १/२०० सेकंदाच्या आसपास, आयएसओ (सेन्सर उजेड किती टिपतो त्याचा आकडा) ३२००. हॉलमधल्या कबड्डीला १/१००० आणि आयएसओ ६४०० पर्यंत जावं लागतं. फ्लॅश दोन्हीकडं बंद. आलापात शटरचा आवाज म्हणजे गुन्हाच, म्हणून कॅमेऱ्यातलं सायलेंट, म्हणजे बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक शटर. पण एलईडी दिव्यांखाली त्यानं फोटोवर पट्टे येऊ शकतात. कार्यक्रमाआधी रिकाम्या मंचाचे दोन-चार काढून बघा. पट्टे दिसले तर शटर १/१०० वर आणा, नाहीतर साधं शटर वापरून टाळ्यांची वाट बघा.

पैसे कुठून येतात? वर्तमानपत्रातून नाव होतं, घर चालत नाही. खेळात संघ, अकादमी आणि प्रायोजक पैसे देतात, पण त्यांना फोटो लगेच लागतो. कबड्डीचा पूर्वार्ध २० मिनिटांचा, मध्ये ५ मिनिटांची विश्रांती. तेवढ्यात चार निवडक फोटो खेळाडूचं नाव आणि बनियनच्या नंबरासकट गेले पाहिजेत. मध्यरात्री पाठवलेले दोनशे फोटो कुणी उघडत नाही.

संगीतात उलटं. तिथं जुना फोटो विकला जातो: स्मरणिका, पुस्तक, गौरव समारंभ. म्हणून प्रत्येक फाइलमध्ये तारीख, जागा, राग आणि सगळ्या साथीदारांची नावं लिहा, तंबोऱ्यावरच्यांचीसुद्धा. मागं तंबोरा धरून बसलेली मुलगी उद्या स्वतः मुख्य कलाकार असते आणि तिचे त्या वयातले फोटो फक्त तुमच्याकडं असतात. हे काम कंटाळवाणं आहे. माझ्या मते निम्मा धंदा तोच आहे.

आणि कायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो काढून घेणारा. तुम्ही नाही. वर म्हटलेल्या जुन्या फोटोंची कमाई इथंच हातची जाते. कोटेशनमध्ये दोन ओळी टाका: ‘छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. आयोजकांना या कार्यक्रमाच्या प्रसिद्धीसाठी वापराची परवानगी आहे.’ त्याखाली आयोजकांची सही कार्यक्रमाच्या आधीच घ्या. मांडव उतरल्यावर फोनसुद्धा उचलत नाहीत.