आठवड्याचा स्वयंपाक फ्रीजरमध्ये: सगळी गोम आहे ती थंड करण्यात

काय गोठवायचं हे आधी उरकून टाकू. छोले, राजमा, मटकीची किंवा मुगाची उसळ, घट्ट वरण, कांदा-खोबऱ्याचं वाटण, पुरण हे सगळं फ्रीजरमध्ये उत्तम टिकतं. बटाटा घालू नका, तो रवाळ आणि पाणचट होतो. कढी फुटते. कोशिंबिरीचा तर विचारही नको.

कडधान्य नेहमीपेक्षा एक शिट्टी कमी द्या, कारण परत उकळताना ते आणखी शिजणारच आहे. रस्सा दाट ठेवा. कोथिंबीर, ओलं खोबरं आणि लिंबू वाढायच्या दिवशी घाला.

आता खरं काम. "गॅस बंद करा, गार होऊ द्या, मग फ्रीजरमध्ये ठेवा," असं जो तो सांगतो. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा झाकलेल्या पातेल्यातला दोन लिटर रस्सा ओट्यावर चार तासांनीही मधोमध कोमटच असतो. अन्न ६० अंशांवरून ५ अंशांपर्यंत उतरतं, त्या टप्प्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि फ्रीजर त्यांना मारत नाही, नुसतं थांबवतो. म्हणजे दुपारी ओट्यावर आंबायला लागलेली उसळ तुम्ही महिनाभर जपून ठेवता. उलट वाफाळतं पातेलं तसंच आत सरकवलं, तर शेजारच्या पिशव्या सैल पडतात आणि सगळीकडे बर्फाचा थर धरतो.

म्हणून पातेल्यात काही ठेवूच नका. गॅस बंद केल्याबरोबर सगळं मोठ्या स्टीलच्या परातीत ओता. थर दोन सेंटिमीटरच्या वर नको. पितळेची परात नको, चिंच-टोमॅटोचा आंबटपणा तिला लागतो. सिंकला बूच लावून त्यात चार बोटं पाणी, दोन ट्रे बर्फ आणि मूठभर खडेमीठ टाका आणि परात त्यात बसवा. उन्हाळ्यात नुसत्या नळाच्या पाण्यावर विसंबू नका, गच्चीवरच्या टाकीतून ते तापूनच येतं. दर दोन-तीन मिनिटांनी उलथन्याने तळापासून हलवा. वाफ थांबली की बोट बुडवून पाहू नका. परातीच्या तळाला हात लावा, तो गार लागला पाहिजे. वीसएक मिनिटं लागतात. मग तासभर खालच्या फ्रीजमध्ये ठेवा आणि त्यानंतरच भरा.

भरायला झिपच्या जाड पिशव्या घ्या. तारीख आणि पदार्थाचं नाव पिशवी रिकामी असतानाच लिहा, ओलसर पिशवीवर पेन चालत नाही. चौघांसाठी अर्धा लिटर पुरतं. पिशवी आडवी ठेवून हाताने सपाट करा, हवा पूर्ण काढा आणि ताटावर आडवीच गोठवा. पातळ थर लवकर गोठतो, बर्फाचे कण बारीक राहतात आणि दाण्यांचा लगदा होत नाही. एकदा कडक झाल्या की पिशव्या उभ्या लावा. डबाच वापरायचा असेल तर वर बोटभर जागा सोडा. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि काचेचा डबा तडकतो.

वापरताना पिशवी आदल्या रात्री खालच्या फ्रीजमध्ये काढून ठेवा. विसरलात, तर लादीचे तुकडे करून अर्धी वाटी पाण्यासोबत कढईत टाका. नुसतं कोमट करू नका, खळखळून उकळी आली पाहिजे. मग ताजी फोडणी आणि अर्धा चमचा गोडा मसाला वरून घाला, म्हणजे कालचा वास राहत नाही. उरलेलं त्याच दिवशी संपवा, पुन्हा गोठवू नका. दोन-तीन महिन्यांत सगळं वापरून टाका.

गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तर फ्रीजर अजिबात उघडू नका. भरलेला फ्रीजर रिकाम्यापेक्षा जास्त वेळ गार राहतो, म्हणून मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या पाऊणच भरून ठेवा. वीज आल्यावर पिशवी दाबून पाहा: आत बर्फ कडकडत असेल तर ठीक, मऊ पण थंडगार लागली तर त्याच दिवशी उकळून खा, आणि कोमट झाली असेल तर टाकून द्या.