पेट्रोलच्या गॅरेजातून इलेक्ट्रिक स्कूटरच्या दुरुस्तीकडे

कोल्हापूरच्या उद्यमनगरातला जाणता मिस्त्री इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखतो. इलेक्ट्रिक स्कूटरपुढे मात्र तो कान फारसा उपयोगी पडत नाही, आणि गाडी पडून राहण्याचे एक कारण दोष तपासणारा माणूस नसणे हेही असते. ही विद्या शिकू इच्छिणाऱ्याने सुरुवात मल्टिमीटरपासून, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या उपकरणापासून, करावी.

काम हाती घेताना अंगठी व कडे उतरवून ठेवावे, एमसीबी (वीजप्रवाह तोडणारा स्विच) बंद करून बॅटरीची जोडणी सोडवावी आणि कंट्रोलरमधील (मोटरला वीज देणाऱ्या नियंत्रकातील) कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरेपर्यंत काही मिनिटे थांबून व्होल्टेज मोजूनच हात घालावा. हा थांबा कंटाळवाणा वाटला तरी टाळू नये.

मागचे चाक हाताने फिरवताना अडखळत असेल, तर हब मोटरच्या (चाकातच बसवलेल्या मोटरच्या) तिन्ही जाड फेज वायरी, म्हणजे मोटरला वीज नेणाऱ्या वायरी, कंट्रोलरपासून सोडवून, त्यांची टोके एकमेकांना लागू न देता, चाक पुन्हा फिरवावे. ते मोकळे फिरले तर दोष बहुधा कंट्रोलरमधील मॉसफेटमध्ये, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचमध्ये, असतो. तरीही अडखळले तर मोटरची वाइंडिंग (तारेची गुंडाळी), वायरी किंवा बेअरिंग तपासावे. मोटर नुसती थरथरत असेल, तर चाकाची स्थिती कंट्रोलरला कळवणारे हॉल सेन्सर पाहावेत: त्यांना सुमारे 5 व्होल्ट पुरवठा देऊन चाक हळू फिरवले असता प्रत्येक सिग्नल वायरीवर व्होल्टेज आलटून पालटून शून्याजवळ व वर जायला हवे. इथल्या पावसाळ्यात मात्र त्याआधी कनेक्टरमधील ओल व गंज पाहावा.

लिथियम बॅटरीचा पॅक रीतसर प्रशिक्षणाशिवाय उघडू नये.